आमच्या माथ्यावरील हवेचे थर

वातावरणाचे थर किती व कोणते, हा प्रश्न भूगोलाच्या परीक्षेंत वरचेवर येतो, आणि आमचे विद्यार्थी त्याचें उत्तर बहुधा बिनचूक लिहितात. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर व बाह्यांबर हीं पांच नांवें पाढ्यांप्रमाणें त्यांच्या ओठांवर असतात. शेजारीं पांच रंगीत पट्ट्यांचें एक चित्र काढलेलें असतें. आणि गुणही पदरांत पडतात. परंतु त्याच विद्यार्थ्यास वर्गाच्या खिडकीबाहेर बोट दाखवून, 'ह्यांपैकीं कोणत्या थराची खूण तुला आतां दिसते, सांग पाहूं,' असें विचारलें म्हणजे तो गोंधळून जातो. त्याच्या समजुतीप्रमाणें थर हे पुस्तकांत असतात आणि आकाश हें बाहेर असतें. त्या दोहोंचा कांहीं संबंध असेल हें त्याच्या मनांतही येत नाहीं. हें असें कां व्हावें, व त्यामुळें आमच्यासारख्या समुद्रकांठच्या लोकांचें काय नुकसान होतें, ह्याविषयीं विद्यार्थ्यांशीं, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या पालकांशीं, चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

आमची पहिली तक्रार त्या रंगीत चित्राविषयींच आहे. त्यांत पांचही पट्टे जवळजवळ सारख्या रुंदीचे व सारख्याच ठसठशीत रंगाचे असतात. तें पाहून मुलास वाटतें कीं, हवा म्हणजे पांचमजली चाळ आहे आणि प्रत्येक मजल्यावर सारखेंच बिऱ्हाड आहे. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. खळ्यांत पेंढ्याची उडवी रचली म्हणजे तळचा पेंढा वरच्या भारानें दबून घट्ट होतो व माथ्याचा पेंढा भुरभुरीत राहतो, तशीच हवेची स्थिति आहे. एकंदर हवेच्या वजनापैकीं सुमारें तीनचतुर्थांशांहून अधिक हवा एकट्या खालच्या थरांत आहे. समुद्रसपाटीपासून साडेपांच किलोमीटर वर गेलें कीं निम्मी हवा खालीं राहिली. एव्हरेस्टच्या शिखरावर एकतृतीयांशच काय ती उरली. आणि हा आमचा खालचा थर तरी किती जाड? कोंकणावर त्याची उंची सोळासतरा किलोमीटर भरते, म्हणजे रत्नागिरीहून पावसला जाण्यास जितका रस्ता तुडवावा लागतो, साधारण तितकीच. तोच रस्ता उभा केला, तर आपली मोटार तासाभराच्या आंतच सर्व ढग, सर्व पाऊस व सर्व वादळें ह्यांच्या वर जाऊन पोहोंचेल. पृथ्वी एका सोललेल्या नारळाएवढी मानली, तर हा थर त्यावर गुंडाळलेल्या वहीच्या एका पानाइतका जाड होतो. चित्र काढावयाचें तर असें काढावें. तें दिसण्यांत सुंदर होणार नाहीं. पण खरें होईल.

ह्या हवेस वजन आहे, हेंही मुलें पाठच करितात. प्रत्येक चौरस मीटर भुईवर सुमारें दहा टन हवा उभी आहे, असें सांगितलें म्हणजे तीं हंसतात. परंतु कोल्हापुरास जातांना आंबाघाट चढतेवेळीं ज्यांच्या कानांत दडे बसले आहेत, त्यांनीं हा भार कमी होतांना स्वतःच्या कानांनीं अनुभवलेला आहे. शिक्षकानें त्या दड्यांपासून आरंभ केला तर दहा टनांचें हंसूं येणार नाहीं. तसेंच, घाटमाथ्यावर आपण सूर्याच्या अधिक जवळ जातों, मग तेथें थंडी कां, असा प्रश्न एखादा चलाख विद्यार्थी विचारतो, आणि कित्येकदां त्याला गप्प बसविण्यांत येतें. वस्तुतः सबंध खालच्या थराचें मर्म त्या प्रश्नांत आहे. सूर्याचा प्रकाश हवेंतून बराचसा आरपार येतो. तापते ती जमीन, व जमीन तापल्यावर तिच्या योगानें खालून हवा तापते. तापलेली हवा वर चढते, प्रसरण पावते व निवते. एका किलोमीटरास सरासरी साडेसहा अंश, ह्या हिशेबानें तापमान उतरत जातें. म्हणूनच मे महिन्यांत रत्नागिरीकर घामानें निथळत असतां महाबळेश्वरास रात्रीं पांघरूण लागतें.

आतां थर प्रत्यक्ष दिसतो कोठें, तें पाहूं. पौष-माघांतल्या पहाटे एखाद्या उंचवट्यावर, रत्नदुर्गाच्या वाटेवर म्हणा, उभें राहावें. वाड्यावाड्यांतून न्हाणीच्या चुलींचा धूर सरळ वर चढतो, माडांच्या शेंड्यांवर थोडा जातो, आणि तेथें एखाद्या अदृश्य छतास टेकल्याप्रमाणें आडवा पसरतो. तें छत काल्पनिक नाहीं. रात्रभरांत जमीन निवाली, तिला लागून असलेली हवा थंड व जड झाली, आणि तिच्या माथ्यावर थोडी उबदार हवा राहिली. धुरास तिच्यांतून वर जातां येत नाहीं. ऊन चढून जमीन तापली कीं हें छत मोडतें व धूर निघून जातो. जे लोक पहाटे उठून अंगणांतला कचरा, त्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, पेटवून देतात, त्यांना वाटतें धूर आकाशांत गेला. तो कोठेंही गेलेला नसतो. तो शेजाऱ्याच्या व आपल्याच मुलांच्या नाकाशीं दोनतीन तास तरंगत असतो. मोठ्या शहरांतील हिवाळ्याची वाईट हवा म्हणतात ती हीच, केवळ मोठ्या प्रमाणावर.

खारे वारे व मतलई वारे हींही आमच्या मुलांच्या घरचींच माणसें होत, असें म्हटलें तरी चालेल. दिवसा जमीन समुद्रापेक्षां लवकर तापते, वरची हवा उठते, व समुद्राकडून खारा वारा आंत शिरतो. रात्रीं उलट होतें व जमिनीकडून मतलई सुटते. शिडाच्या होड्यांच्या काळीं पहाटेच्या मतलईवर बाहेर पडावें व दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतावें, हा कोळ्यांचा नित्यक्रम होता. हा सर्व खेळ बहुधा खालच्या एखाद्या किलोमीटरांतच चालतो. मिरकरवाड्याच्या कोळ्याच्या मुलाला हें घरीं आजोबांकडून ठाऊक असतें, आणि तरीही परीक्षेंत 'स्थानिक वाऱ्यांचीं दोन उदाहरणें द्या' ह्या प्रश्नापुढें तो जागा कोरी सोडतो. ह्यांत त्या मुलाचा दोष आम्हांस तरी दिसत नाहीं.

परंतु ज्यामुळें आम्ही जगतों तो पाऊस ह्याहून फार मोठ्या व्यवस्थेचा भाग आहे, व ती व्यवस्था थराथरांनीं रचलेली आहे. जून ते सप्टेंबर आमच्यावर नैर्ऋत्येचा वारा वाहतो एवढें सर्वांस माहीत आहे. त्याचा सर्वांत जोरकस प्रवाह मात्र भुईवर नसून सुमारें दीड किलोमीटर उंचीवर असतो. पी. व्ही. जोसेफ व पी. एल. रामन ह्यांनीं १९६६ सालीं द्वीपकल्पावरील ह्या पश्चिमी झोताचें वर्णन केलें. हा झोत अरबी समुद्रावरची वाफ घेऊन सह्याद्रीवर आदळतो, वर ढकलला जातो, निवतो, आणि आमच्या पदरांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी टाकतो. आतां त्याच आषाढांतल्या दिवशीं त्याच रत्नागिरीवर चौदा किलोमीटर उंच जातां आलें, तर काय आढळेल? तेथें वारा नेमका उलट दिशेनें, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असतो. पी. कोटेश्वरम् ह्यांनीं १९५८ सालीं हा पूर्वी झोत जगाच्या निदर्शनास आणिला. खालून हवा आंत यावी, वर उठावी, व माथ्यावरून बाहेर निघून जावी, तेव्हांच पावसाचें चक्र चालूं राहतें. चुलीस धुराडें लागतें तसें हें आहे. पावसानें दोनचार दिवस उघडीप दिली म्हणजे विद्यार्थ्यांनीं आवर्जून वर पाहावें. खालचे काळे ढग समुद्राकडून डोंगराकडे जात असतात, व त्यांच्या फटींतून दिसणारे फार उंचावरचे पांढरे, पिंजलेल्या कापसासारखे ढग हळूहळू उलट सरकत असतात. ही मौज पाहण्यास दुर्बीण लागत नाहीं, फी पडत नाहीं. फक्त पांच मिनिटें मान वर करून उभें राहावें लागतें.

ह्या खालच्या थराला खरोखरीचें छप्पर आहे, व तेंही दिसतें. मे महिन्याच्या अखेरीस किंवा परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारीं सह्याद्रीच्या बाजूला प्रचंड ढग उभे राहतात. फुलकोबीच्या गड्ड्याप्रमाणें ते वाढत जातात; आणि मग एकाएकीं त्यांचा माथा चपटा होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा एका बाजूस पसरतो. जेथें तो चपटा झाला, तेथें त्याला पुढचा थर लागला. वरच्या स्थितांबरांत उंचीबरोबर तापमान कमी होत नाहीं, उलट वाढत जातें. म्हणून खालून आलेली हवा तेथें जड ठरते व तिचें चढणें थांबतें. ज्या ढगास ही ऐरण फुटली, तो ढग विजांनीं व वाऱ्यांनीं भरलेला आहे असें समजावें, आणि गडगडाट कानीं पडतांच मैदान, झाडाखालचा आडोसा व होडी सोडून पक्क्या घरांत जावें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाची विजेची सूचना देणारी सोय भ्रमणध्वनीवर केलेली आहे. ती पालकांनीं अवश्य घ्यावी. पण तीपूर्वींही ती ऐरण आकाशांत होतीच.

ह्या छपराची उंची व थंडी आमच्या देशावर किती, हें शोधून काढण्याचा मान एका हिंदी शास्त्रज्ञाकडे जातो, ह्याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत आढळत नाहीं ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. युरोपांत विमानें नव्हतीं तेव्हां तेसराँ द बोर ह्या फ्रेंच गृहस्थानें फुगे सोडून १९०२ सालीं स्थितांबराचा शोध जाहीर केला. तिकडे तें छत अकरा किलोमीटरांच्या आसपास असतें. आमच्याकडे काय, हा प्रश्न राहिला. वेधशाळा खात्यांतील के. आर. रामनाथन ह्यांनीं फुग्यांच्या नोंदी एकत्र करून १९२९ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत दाखविलें कीं, पृथ्वीभोंवतालची अत्यंत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्ताच्या माथ्यावर, सतराएक किलोमीटर उंचीवर आहे, आणि तिचें तापमान उणें ऐंशी अंशांच्याही खालीं जातें. सर्वांत उष्ण भुईवर सर्वांत थंड आभाळ! कारण साधें आहे; येथें हवा जोरानें व फार उंच चढते, व जितकी उंच चढते तितकी निवते. त्या खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें होतें. पुढें तें दिल्लीस गेलें, तरी शिवाजीनगरांतील त्या इमारतीस पुणेकर अद्याप 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं शनिवारवाड्याबरोबर हीही इमारत बाहेरून तरी पाहावी.

'हें सर्व मनोरंजक आहे, पण आमच्या मुलास त्याचा उपयोग काय?' असें एक पालक म्हणतील. त्यांना आम्ही दोन तारखा सांगतों. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं 'जयंती' व 'तुकाराम' ह्या दोन आगबोटी कोंकणकिनाऱ्यावरील एकाच वादळांत बुडाल्या. ज्या बंदरांतून त्या काळीं लोक मुंबईस जात, तेथील कित्येक घरांत ह्या बोटींचीं नांवें अजून हलक्या आवाजांत घेतलीं जातात. वादळ दूर समुद्रावर असतां त्याची दिशा कळावी, असें साधन त्या वेळीं जवळजवळ नव्हतें. दुसरी तारीख ३ जून २०२०. त्या दिवशीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलें. दापोली व मंडणगड ह्या आमच्याच तालुक्यांत माड व पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरें उडालीं, कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं. परंतु वादळ येणार, कोठें येणार व साधारण केव्हां येणार, हें आधीं माहीत होतें. होड्या बंदरांत होत्या व किनाऱ्यावरचे लोक हलविलेले होते. ह्या दोन तारखांमध्यें जें अंतर आहे तें केवळ उपग्रहांचें नव्हे. चक्रीवादळ स्वतःच्या इच्छेनें फिरत नाहीं. त्याच्या भोंवतालच्या व माथ्यावरच्या थरांतील वारे त्याला वाहून नेतात. ते वारे मोजण्यासाठीं जगभरच्या शेंकडों ठिकाणांहून, आमच्या दोहों बाजूंस मुंबई व गोवा येथूनही, यंत्र बांधलेले फुगे सोडण्यांत येतात. ते तीसएक किलोमीटरपर्यंत चढतात व फुटतात. पोफळीच्या बागेचा मालक, होडीचा तांडेल, किंवा उद्यां तहसील कचेरींत बसणारा कारकून, ह्यांपैकीं कोणीही असा नाहीं कीं ज्याला त्या फुग्याची बातमी समजून घेण्याची गरज पडणार नाहीं. बातमी मिळणें निराळें व समजणें निराळें. इशारा ऐकून 'काय होतें!' म्हणत समुद्रावर गेलेले लोक सर्वांच्या परिचयाचे आहेत.

आतां वरच्या थराकडे वळूं. सप्टेंबर १८८३ मध्यें मद्रास व सिलोन येथील लोकांस सूर्य हिरवट-निळा दिसूं लागला. त्याच वर्षीं ऑगस्टांत क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, व त्याची राख आणि वायू थेट स्थितांबरांत गेले होते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजांतील पदार्थविज्ञानाचे अध्यापक मिची स्मिथ ह्यांनीं त्या हिरव्या सूर्याचें वर्णपटाच्या यंत्रानें निरीक्षण केलें. हेच गृहस्थ पुढें कोडाईकनालच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. मिशनच्या शिक्षणसंस्थेंतला एक अध्यापक वर्ग सोडून आकाशाकडे पाहत बसला, हें आम्हांस मोठें समाधानाचें वाटतें. असो. मुद्दा असा कीं, जगभरचे सूर्यास्त त्यानंतर कित्येक महिने तांबडेलाल दिसत राहिले. आमच्या खालच्या थरांत कितीही धूळ उडाली तरी मृगाच्या पहिल्या सरी ती धुऊन काढतात. पावसानंतर समुद्राची क्षितिजरेषा कशी स्वच्छ दिसते तें सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु स्थितांबरांत पाऊसच नाहीं. तेथें जें गेलें तें वर्षावर्षांनीं उतरतें.

ही एक गोष्ट समजली म्हणजे ओझोनची कथा आपोआप समजते. स्थितांबरांत, वीस-पंचवीस किलोमीटरांच्या सुमारास, ओझोन वायु आहे. तो सर्व गोळा करून भुईवर आणिला तर अवघा तीन मिलिमीटर जाडीचा थर होईल. पण सूर्याचे जे अतिनील किरण कातडी जाळतात व डोळ्यांस इजा करितात, त्यांना तो अडवितो. शीतपेट्यांत व फवाऱ्यांच्या डब्यांत वापरण्यासाठीं क्लोरीन असलेले कांहीं वायु तयार करण्यांत आले. ते न जळणारे, न विरघळणारे, निरुपद्रवी. आणि हाच त्यांचा दोष ठरला. पाऊस त्यांना धुईना, कांहींही त्यांना मोडीना. तेव्हां ते हळूहळू वर चढले, आणि तेथें प्रखर किरणांनीं फुटून ओझोन खाऊं लागले. १९८५ सालीं तीन इंग्रज संशोधकांनीं दक्षिण ध्रुवावरील ओझोनची झीज जाहीर केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियल येथें राष्ट्रांचा करार झाला. १९९२ सालीं भारत त्यांत सामील झाला. ते वायु बनविणें बंद पडलें, व ओझोन आतां सावकाश भरून येत आहे. राष्ट्रें भांडतात हें आपण रोज वाचतों. एका अदृश्य वायूविषयीं त्यांचें एकमत झालें, हेंही मुलांस कोणी सांगावें कीं नाहीं?

येथें एका गैरसमजुतीविषयीं थोडें कठोर बोलणें भाग आहे. 'ओझोनला भोंक पडलें, त्यांतून ऊन आंत आलें, म्हणून उष्मा वाढला,' असें विद्यार्थी निबंधांत लिहितात, पालक ओटीवर बोलतात, आणि भाषणाच्या स्पर्धांत त्यावर टाळ्याही पडतात. हें चूक आहे. ओझोनचा प्रश्न वरच्या थराचा व अतिनील किरणांचा आहे. उष्म्याचा प्रश्न मुख्यतः कर्बद्विप्राणिल वायूचा आहे. दगडी कोळसा, पेट्रोल व डिझेल जाळल्यानें तो वाढतो, व तापलेल्या भुईची उष्णता बाहेर जाण्यास अडथळा करितो. हवाई बेटांतील मौना लोआ डोंगरावर १९५८ सालीं त्याचें मोजमाप सुरू झालें, तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. आज तो ४२० भागांहून अधिक आहे. ऊन जास्त आंत येत असतें तर सर्वच थर तापले असते. प्रत्यक्षांत खालचा थर तापत आहे व वरचें स्थितांबर थंड होत आहे. स्युकुरो मानाबे ह्यांनीं १९६७ सालीं गणितानें हें आधींच दाखवून ठेविलें होतें, व २०२१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. दोन रोग निराळे, त्यांचीं स्थानें निराळीं, औषधेंही निराळीं. ज्याला थर ओळखतां येत नाहींत, तो जुनी शीतपेटी मोडींत काढून समाधानानें बसतो, आणि दोन फर्लांगांवरच्या दुकानास मोटारसायकल घेऊन जातो.

कोणी म्हणेल, देवाच्या आकाशास मनुष्य काय बिघडविणार? अशी भाषा श्रद्धेची वाटते, पण ती आळसाची आहे असें आमचें मत आहे. ख्रिस्ती मनुष्यास उत्पत्तीच्या पुस्तकांत पृथ्वीची राखण सोंपविलेली आहे, मालकी नव्हे. आमच्या हिंदु व मुसलमान विद्यार्थ्यांच्या घरींही ह्याहून निराळें शिकवीत नसावेत.

त्याहून वरच्या थरांविषयीं थोडक्यांत सांगतों. तारा तुटतांना दिसतो तो बहुधा ऐंशी ते एकशेंवीस किलोमीटर उंचीवर जळत असतो. तेथली नाममात्र हवासुद्धां वाळूएवढ्या कणांस पुरते. फारच मोठा धोंडा आला तर ती पुरत नाहीं, ह्याची साक्ष बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर देतें. त्याच्याही वर हवेचे कण सूर्यप्रकाशानें विद्युत्भारित होतात. रात्रीं आकाशवाणीचीं दूरदूरचीं केंद्रें ऐकूं येतात तीं ह्या थरावरून परावर्तन पावून. कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र ह्यांनीं ह्या वरच्या वातावरणावर १९४७ सालीं जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो देशोदेशीं वाचला गेला. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्रीं तर सूर्यावरून आलेल्या क्षोभामुळें मुंबईच्या आकाशांत ध्रुवीय प्रकाश दिसल्याचें त्या वेळच्या वृत्तपत्रांत नमूद आहे.

जातां जातां विजयदुर्गाविषयीं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं लॉकियर साहेबांनीं ह्या किल्ल्यावरून हेलियम वायूचा शोध लाविला, असें आमच्याकडे अभिमानानें सांगतात. लॉकियर त्या दिवशीं इंग्लंडांत होते, व त्यांनीं सूर्याचा तो वर्णपट त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तेथूनच पाहिला. ग्रहणाच्या वेळीं जान्सेन हे फ्रेंच ज्योतिषी गुंटूर येथें होते. विजयदुर्ग हा शोधाशिवायही थोर किल्ला आहे. त्याला उसन्या दागिन्याची गरज नाहीं. जिल्ह्याचा अभिमान धरावयाचा तर खऱ्या गोष्टींचा धरावा.

अशी एक खरी गोष्ट आमच्या उत्तरेस आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० च्या दशकापासून होत असत. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, व त्यामुळें यंत्रें बिघडणार, हें पाहून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस ह्यांनीं तें काम अलिबागेस हलविलें. पण हलवितांना १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, जेणेंकरून जुनी मालिका तुटूं नये. वरच्या थरांतील विद्युत्प्रवाहांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही ह्या अखंड नोंदींचा आधार घेतात. ज्यांनीं पहाटे उठून ते आंकडे लिहिले, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत.

म्हणून आमची सूचना अशी आहे. येत्या १ जूनपासून शाळेच्या आवारांत एक पर्जन्यमापक, एक वायुभारमापक व सावलींत टांगलेला उष्णतामापक असावा, आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांची नोंद एका जाड बांधणीच्या वहींत व्हावी. त्या आंकड्यांपुढें ढगांची दिशा व वाऱ्याची दिशा लिहावी; धूर कोठें आडवा झाला, ऐरण दिसली कीं नाहीं, हेंही लिहावें. इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें हें काम करावें व नववींत जातांना वही खालच्यांच्या स्वाधीन करावी. नोंद चुकली तर जागा कोरी ठेवावी, मनानें आंकडा भरूं नये. खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून कमी येईल. अडचण एकच आहे ती सुट्यांची. दिवाळींत व मे महिन्यांत, म्हणजे नेमक्या वादळांच्या व विजांच्या दिवसांत, शाळा बंद असते. तेव्हां शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या निदान चार कुटुंबांनीं ह्या कामीं आपलीं मुलें सकाळीं दहा मिनिटें द्यावीं, व ती गोष्ट शाळा सुटण्यापूर्वीं वर्गशिक्षकांस कळवावी. फाटकाची किल्ली शिपायाकडे मिळेल.